करंगळीची साक्ष

दाराच्या चौकटीवर किंवा पलंगाच्या कडेवर कोपर अवचित आपटले म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि विजेसारखी एक कळ थेट करंगळीच्या टोकापर्यंत धावत जाते. हा अनुभव ज्याने घेतला नाही असा मनुष्य विरळाच. आपण हात झटकतो, दोन शब्द पुटपुटतो आणि लगेच विसरूनही जातो. ती कळ कोणत्या वाटेने गेली आणि नेमकी करंगळीपाशीच का थांबली, हा प्रश्न वयाच्या त्रेचाळीस वर्षांपर्यंत मलाही कधी पडला नव्हता. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरज्ञान शिकलो, आत्म्याच्या शक्तींचे वर्गीकरण पाठ केले. परंतु आपल्याच कोपरामागून काय जाते, हे आम्हांला कोणी विचारले नाही आणि आम्हीही ते कोणाला विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळातील गोष्ट. पुनरुत्थानाचा सण जवळ आला म्हणजे हुबळीतील आमच्या धर्मग्रामात पापनिवेदनासाठी रांगा लागतात. कोणी कन्नडमधून बोलतो, कोणी कोंकणीतून, कोणी मराठीतून. त्या लाकडी खोक्यात उजवे कोपर कडेवर टेकवून आणि गाल तळहातावर ठेवून मी तासन्‌तास बसत असे. पवित्र आठवडा सरता सरता माझी करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेचा अर्धा भाग बधिर झाला. झोपेतून उठल्यावर हाताला मुंग्या येत. मिस्साग्रंथाची पाने उलटताना बोट आपले नव्हेच असे वाटे. प्रारंभी मी तिकडे दुर्लक्ष केले. तथापि सण होऊन पंधरा दिवस लोटले तरी बधिरता जाईना, तेव्हा धारवाडला राहणाऱ्या एका वयोवृद्ध, निवृत्त डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याशी माझा जुना स्नेह आहे.

त्यांनी मला खिडकीशी बसवले, बाही वर सारायला सांगितली आणि शाईच्या लेखणीने माझ्या हातावर काखेपासून करंगळीपर्यंत एक निळी रेघ ओढली. “फादर, ही तुमच्या कळेची वाट,” ते म्हणाले. “हिला आम्ही अल्नर नर्व्ह म्हणतो. लॅटिन तुम्हांला येतेच.” लॅटिनमध्ये ‘उल्ना’ म्हणजे कोपर किंवा कोपरापुढचा हात. आपल्याकडे कापड मोजायचे ‘हात’ हे जुने माप याच भागावरून आले. तो शब्द मी अनेकदा वाचला होता. त्याचा एक तंतू माझ्याच बाहीखाली दडलेला आहे, हे मात्र त्या दिवशी कळले.

सामान्य बोलण्यात आपण सर्वांनाच ‘शीर’ म्हणतो. वस्तुतः रक्त वाहणारी शीर वेगळी आणि संवेदना वाहणारा मज्जातंतू वेगळा. मानेच्या तळाशी आणि छातीच्या प्रारंभी पाठीच्या कण्यातून जे मज्जातंतू बाहेर पडतात, त्यांच्या धाग्यांपासून हा तंतू सिद्ध होतो. काखेतून मोठ्या रक्तवाहिनीच्या सोबतीने तो दंडाच्या आतल्या अंगाने खाली येतो, निम्म्या वाटेवर तिची सोबत सोडून मागच्या बाजूस वळतो आणि कोपराच्या आतील उंचवट्यामागील खोबणीत उतरतो. त्याच्या सर्व प्रवासातील हे सर्वांत उघडे स्थळ होय. येथे त्याच्यावर मांसाचे पांघरूण नाही. खाली हाड, वर कातडी आणि मध्ये हा बिचारा. कोपर आपटते तेव्हा आपण ‘हाडाला लागले’ म्हणतो. कळवळतो तो मात्र हा तंतू.

तेथून तो पुढच्या हाताच्या स्नायूंत शिरतो. मनगट आत वळवणाऱ्या एका स्नायूला आणि करंगळी व अनामिका मिटवणाऱ्या स्नायूच्या अर्ध्या भागाला तो चेतना देतो. मनगटाशी करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढे एक हाड हाताला लागते, त्याच्या कडेने एका अरुंद बोगद्यातून तो तळहातात प्रवेश करतो. फेलिक्स ग्युयों या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ साली त्या बोगद्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचेच नाव मिळाले. पुढे तंतूच्या दोन शाखा होतात. वरची शाखा संपूर्ण करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला स्पर्शज्ञान देते. ज्या बोटात विवाहाची अंगठी घालतात त्याची तळहाताकडील बाजू साधारणपणे दोन तंतूंनी निम्मीनिम्मी वाटून घेतली आहे, हे ऐकून मला मौज वाटली. खोल जाणारी शाखा तळहातातील बहुतेक लहान स्नायूंना चालवते. बोटे एकमेकांपासून दूर करणे, पुन्हा जवळ आणणे, ती मुळाशी वाकवून टोकाशी सरळ ठेवणे आणि अंगठा तर्जनीवर दाबणे, ही सर्व नाजूक कामे तिच्याकडे आहेत.

मग डॉक्टरांनी माझी परीक्षा घेतली. एक कागद अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घट्ट धरायला सांगितला आणि दुसऱ्या टोकाने तो ओढू लागले. हा तंतू दुबळा झाला असेल तर अंगठ्याचे टोक वाकवल्यावाचून कागद धरून ठेवता येत नाही. कागद धरता धरता माझ्या मनात आले, वेदीपाशी ख्रिस्तशरीर मी याच दोन बोटांत धरतो. एवढी वर्षे रोज ते काम करून घेणाऱ्या सेवकाची मी कधी दखलही घेतली नव्हती.

परीक्षेचा निकाल चांगला निघाला. तंतू केवळ दाबला गेला होता. कोपर टेकवू नये, हात फार वेळ दुमडून ठेवू नये आणि रात्री कोपराला मऊ कापड गुंडाळून तो सरळ ठेवावा, एवढाच उपचार त्यांनी सांगितला. फोन कानाशी धरून तासभर बोलणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, हेही त्यांनी जाता जाता ऐकवले. त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. माझी दोन्ही कोपरे हातांत घेऊन त्या खोबणीच्या जरा वर त्यांनी बोटांनी हळूहळू चाचपले, आणि पुन्हा एकदा चाचपले.

“हे कशासाठी?” मी विचारले.

“तंतू जाड झाला आहे का ते पाहतो. आपल्या देशात करंगळी बधिर झाली म्हणून कोणी आला, तर कुष्ठरोग नाही याची खात्री केल्यावाचून त्याला घरी पाठवू नये.”

ते शब्द कानी पडताच माझ्या डोळ्यांपुढे एक हात उभा राहिला. तो माझा नव्हता.

आमच्या धर्मग्रामात एक सुतार आहेत. आम्ही सर्व त्यांना मेस्त्री म्हणतो. घरी मराठी बोलणारे, मितभाषी आणि पन्नाशी ओलांडलेले. मी हे सर्व त्यांच्या संमतीने लिहीत आहे. मात्र ओळखीची खूण कोठे राहू दिलेली नाही. आदल्या नोव्हेंबरात एके रविवारी मिस्सा झाल्यावर ते मला भेटले. म्हणाले, “फादर, करंगळीत जीवच न्हाई बघा. काल पटाशी लागली, फळीवर रक्त बघितलं तवा कळलं.” मी घाईत होतो. एका घरी बाप्तिस्म्याला जायचे होते. त्यांच्या हाताकडे नीट न पाहता मी म्हणालो, “वयोमानाने वात धरला असेल, मेस्त्री. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून रोज शेक घ्या.” त्यांनी मान डोलावली. धर्मगुरूचा शब्द.

नाताळात गोठा उभारायला ते आले, तेव्हा करंगळीला आणि तळहाताच्या कडेला पट्टी होती. विचारले तर “तवा लागला,” एवढेच बोलले. त्यानंतर रविवारमागून रविवार त्यांनी ख्रिस्तप्रसादासाठी तळहात पुढे केला आणि रविवारमागून रविवार मी त्यांच्या शेवटच्या दोन बोटांना किंचित वाकलेले पाहिले. पाहिले म्हणजे दृष्टी त्यांवर पडली, एवढेच. ज्या हातात स्पर्श उरला नव्हता, त्याला मी शेक सांगितला होता. तापलेले मीठ त्यांना भाजत होते आणि ते त्यांना कळत नव्हते.

डॉक्टरांपाशी मी हे कबूल केले. त्यांनी मला बोल लावला नाही. “उद्याच त्यांना घेऊन या,” ते म्हणाले. मग चहा होईपर्यंत त्यांनी मला या रोगाची रीत समजावून सांगितली. ती मी येथे विस्ताराने देतो, कारण माझ्यासारखे अज्ञान पुष्कळांच्या घरी असेल.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातील थंड जागा प्रिय असते. कोपराच्या जरा वर हा तंतू कातडीच्या अगदी जवळ येतो, म्हणून शरीराच्या गाभ्यापेक्षा तेथे उष्णता कमी असते. जंतू तेथे ठाण मांडतात. त्यांच्याशी झुंजताना शरीर त्या जागी सूज आणते आणि आपल्या ताठर वेष्टनात तंतूचा कोंडमारा होतो. या रोगात हातापायांचे जे मोठे तंतू बिघडतात, त्यांत या तंतूला अग्रस्थान आहे. प्रथम स्पर्श जातो, त्याच सुमारास किंवा मागाहून शक्ती जाते. तळहातातील लहान स्नायू ढिले पडले की बोटे मुळाशी मागे खेचली जातात आणि पुढे आकड्यासारखी वळतात. बोटे झडतात असे लोक म्हणतात, परंतु रोग बोटे खात नाही. वेदना नसल्यामुळे भाजणे, कापणे, चिघळणे यांकडे लक्ष जात नाही आणि त्या जखमाच बोटांचा घास घेतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी हे सत्य लोकांपुढे ठामपणे मांडले. १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर एका मिशनरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सुदृढ स्नायूची दोरी दुसरीकडे वळवून आखडलेली बोटे पुन्हा कामाला लावण्याची शस्त्रक्रिया त्यांनी तेथे रुळवली.

“आणि एक नाव तुम्ही हुबळीकरांनी विसरू नये,” डॉक्टर म्हणाले. “नोशीर अंतिया. १९२२ साली तुमच्याच गावी जन्मलेला पारशी मुलगा.” इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लॅस्टिक सर्जरी शिकून डॉ. अंतिया मायदेशी परतले. त्या विद्येवर मुंबईत धनिकांचे चेहरे सजवून त्यांना सुखाने राहता आले असते. ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात जाऊ लागले आणि ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे त्यांची बसलेली नाके व वळलेली बोटे दुरुस्त करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी त्या शास्त्राचा विभाग उभारला. कुष्ठरोगात दंडातील व हातातील तंतूंचे काय होते, याविषयी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००७ साली त्यांचे निधन झाले. माझ्या कोपरावर ओढलेल्या निळ्या रेघेचा मागोवा या गावात जन्मलेल्या एका माणसाने इतका दूरवर घेतला होता. आणि त्याच गावात बसून मी तव्यावरचे मीठ सांगत होतो.

परतीच्या वाटेवर बसमध्ये मला संत डेमियन आठवत राहिले. १८७३ साली नॉर्वेत डॉ. हान्सेन यांना या रोगाचा जंतू दिसला आणि त्याच वर्षी फादर डेमियन मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहायला गेले. १८८४ च्या अखेरीस एकदा पाय कढत पाण्यात बुडाला असता त्यांना काहीच जाणवले नाही, आणि आपणही आपल्या लेकरांपैकीच एक झालो हे त्यांनी ओळखले. सेमिनरीत ही कथा मी कितीदा ऐकली होती, प्रवचनातूनही सांगितली होती. तीच कथा पट्टी बांधलेल्या करंगळीच्या रूपाने माझ्यासमोर गोठा उभारत होती, तेव्हा मात्र मी तिला ओळखले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना घेऊन गेलो. डॉक्टरांनी कोपराच्या वर हात लावताच मान हलवली. तेथील तंतू दोरीसारखा जाड झाला होता. पुढील सर्व तपासणी व औषध सरकारी रुग्णालयात विनामूल्य झाले. तीन औषधांची ही योजना १९८० नंतरच्या दशकात आली आणि तिने रोगाची भीती खरोखरी संपवली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच त्या माणसापासून कोणाला संसर्ग होत नाही. तंतूची सूज उतरण्यासाठी वेगळे औषध द्यावे लागते. परंतु त्याचा उत्तम उपयोग बिघाड सहा महिन्यांपेक्षा जुना नसेल तर होतो. तुटलेला तंतू पुन्हा वाढला तरी दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून करंगळीपर्यंतची वाट त्याला वर्षभर पुरते, आणि तोवर वाट पाहणारे स्नायू सुकत जातात. हे आकडे ऐकताना मी मनात महिने मोजत होतो. नोव्हेंबर ते एप्रिल.

बाहेर बाकावर बसल्यावर मेस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली पाहत म्हणाले, “फादर, पोरीची सोयरीक जुळत आलीया. कुणाला कळलं तर?” आणि थोड्या वेळाने, “देवळात मागच्या बाकावर बसत जाऊ का?”

माझ्या पुरोहितपदाच्या वर्षांत इतका जड प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. मी त्यांना सांगितले, की हा रोग बापाकडून लेकीला वारशाने जात नाही; बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याला दूर ठेवण्याची शक्ती उपजतच असते; आणि हे कोणाच्या पापाचे फळ नव्हे. बायबलमध्ये ज्याला कुष्ठ म्हटले आहे, त्यात कातडीचे अनेक विकार येतात असे विद्वान मानतात. त्या जुन्या शब्दाचे ओझे आजच्या रोग्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. आपणही थोडे खाली पाहिले पाहिजे. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण म्हणून नमूद होते. २०१९ साली संसदेने ते या व इतर विवाहकायद्यांतून काढून टाकले. तोवर औषध येऊन कित्येक वर्षे उलटली होती. औषधापेक्षा मन सावकाश पोहोचते. शेवटी मी म्हणालो, “मेस्त्री, चूक माझी झाली. मी तुमचा हात पाहिला नाही.” ते म्हणाले, “तुमास्नी काय ठावं, फादर.” त्या क्षमेने मला हलके वाटले नाही, आणि वाटू नये हेच बरे.

पुढच्या रविवारी ते नेहमीच्या जागी, तिसऱ्या बाकावर, पत्नी व मुलीसह बसले. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी हात पुढे करताना किंचित अडखळले. मला संत लूकच्या शुभवर्तमानातील सभास्थानात आलेला मनुष्य आठवला. त्याचा हात वाळला होता, आणि तो उजवा हात होता हे चार शुभवर्तमानकारांपैकी लूकच नोंदवतो. लूक वैद्य होता अशी आपली परंपरा आहे. कामाचा हात गेला म्हणजे मनुष्याचे काय जाते, हे वैद्याला कळले असावे. प्रभूने त्याला प्रथम सर्वांच्या मध्ये उभे राहायला सांगितले आणि मग हात लांब करायला. तो हात त्याला लपवू दिला नाही. मी मेस्त्रींच्या तळहातावर ख्रिस्तशरीर ठेवले आणि त्यांची वाकलेली बोटे क्षणभर माझ्या हातात घेतली.

आता दोन वर्षे झाली. गोळ्या संपल्या, रोग गेला. तळहाताच्या कडेला स्पर्श पुष्कळसा परतला. करंगळी मात्र अजून मुकी आहे आणि दोन बोटांचा बाक पूर्ण गेलेला नाही. शस्त्रक्रियेने तो कमी होईल असे डॉक्टर म्हणतात. पावसाळ्यानंतर पाहू, असे मेस्त्री म्हणतात. त्यांनी पटाशीच्या मुठीला जाड कापड गुंडाळले आहे आणि रोज संध्याकाळी दिव्याखाली बसून त्यांची पत्नी त्यांचा हात तपासते. बोटाला जे कळत नाही, ते तिच्या डोळ्यांना कळते. मुलीचा विवाह झाला. जावयाला सर्व आधी सांगितले होते.

शरीरशास्त्राच्या पुस्तकांत वळलेल्या बोटांच्या एका अवस्थेला ‘आशीर्वादाचा हात’ असे नाव आहे, हे मला डॉक्टरांनीच सांगितले. जुन्या चित्रांत आशीर्वाद देणाऱ्या हाताची पहिली तीन बोटे उभी आणि अनामिका व करंगळी मिटलेली असतात, त्यावरून ते पडले. हल्ली मिस्साच्या शेवटी लोकांवर क्रूसाची खूण करताना मला ते नाव आठवते. ज्या हाताच्या आकाराला भिऊन लोकांनी माणसे गावाबाहेर घालवली, तोच आकार शतकानुशतके आशीर्वादाचा म्हणून भिंतींवर रंगवला गेला.

प्रिय वाचकहो, जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याच देशात असतात. त्यांची संख्या अजून लाखाच्या घरात आहे. म्हणून आपल्या माणसांचे हात पाहत जा. करंगळी बधिर असेल, अंगावर स्पर्श नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा असेल, चहाचा पेला धरून कोणाला भाजले आणि कळले नाही असे असेल, किल्ली फिरवताना अंगठा दगा देत असेल, तर शेक सांगू नका. त्या माणसाला डॉक्टरांकडे न्या, आणि आजच न्या. प्रत्येक वेळी तो कुष्ठरोगच असेल असे नव्हे. माझ्याप्रमाणे एखाद्याने नुसते कोपर टेकवलेले असेल. परंतु वेदना ही देवाने नेमलेली पहारेकरीण आहे, आणि जेथे ती गप्प झाली तेथे शेजाऱ्याने पहारा करावयाचा असतो.

गेल्या महिन्यात मेस्त्रींनी आपण होऊन पापनिवेदनाच्या खोक्याची ती लाकडी कड रंध्याने गोल करून दिली आणि वर कापसाची गादी ठोकली. “फादर, आता कोपर दुखायचा न्हाई,” ते म्हणाले. मी गादीवरून हात फिरवला. खिळे अगदी सरळ बसले होते.